डोंगर उतरताना

"...मग पळून दाखवू का, उस्ताद? आत्ता? वरपर्यंत?"

हर्षद अंगणात उभा होता. सुभेदार ओट्यावर बसून सुपात घेवडा निवडत होते.

त्यांनी एक किडका दाणा उचलला, उजेडात धरून बघितला आणि कोंबडीपुढे टाकला.

"मी तुला पळायला कवा सांगितलं?"

"तसं नाही... तयारी दिसावी म्हणून."

"दिसती की. पँट नवी हाय."

हर्षद हसला नाही. त्याला आज हसायचं नव्हतं, होकार घेऊन जायचं होतं.

सुभेदार ज्ञानदेव कणसे फौजेत असताना जवानांना स्की शिकवायचे. पायांना लांब फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून खाली यायचं, ती विद्या. निवृत्त होऊन गावी आले तरी खोड गेली नाही. दर हिवाळ्यात साताऱ्याकडची चार पोरं गोळा करून ते हिमालयात औलीला, बर्फावर न्यायचे. गाव थट्टा करायचं. घसरायला कधी शिकवावं लागतं का, असं लोक म्हणायचे आणि पावसाळ्यात शेवाळावर कोणी उताणा पडला की त्याला सुभेदारांचा चेला ठरवून मोकळे व्हायचे. सुभेदारांनी कधी मनावर घेतलं नाही. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, म्हणून पोरंही त्यांना उस्तादच म्हणत.

हर्षद बर्गे हा त्यांचा सगळ्यात हुशार चेला. हे त्याला स्वतःलाही जरा जास्तच ठाऊक होतं.

त्याचं काम निराळं होतं. वृंदा नावाची एक मुलगी, तिला डोळ्यांनी काहीच दिसत नाही, तरी ती स्की करते. तिच्यापुढे एक वाटाड्या लागतो. तो पुढे घसरत जातो आणि सारखा बोलत राहतो. डावीकडे, उजवीकडे, सावकाश, थांब. ती त्याच्या आवाजामागे येते. वृंदाचा वाटाड्या हर्षद होता आणि दोघांनी मिळून पदकं आणली होती.

मग हर्षदच्या नडगीचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण तोवर त्याला पुण्याला एका कंपनीत खुर्ची मिळाली होती. खुर्ची झकास होती, चाकांची. पाणी प्यायलासुद्धा तो तिच्यावरूनच सरकत जायचा. दोन हिवाळे तसेच गेले. पोट पुढे आलं आणि मांड्या ओसरल्या.

यंदा मोठी स्पर्धा होती. वृंदाने दुसरा वाटाड्या घ्यायला साफ नकार दिला होता. हर्षद पुढे असेल तर जाते, नाहीतर राहू दे, असं तिने सुभेदारांना कळवलं होतं. सुभेदार म्हणाले होते, आधी त्याला बघतो, मग सांगतो. त्यांनी नाही म्हटलं की दोघांचीही स्पर्धा गेली.

म्हणून हर्षद दसऱ्यापासून गावी येऊन राहिला होता. कंपनीचं काम घरून करायचं आणि पहाटे उठून भैरोबाचा डोंगर चढायचा. आता दिवाळी होऊन गेली होती.

"डोंगर रोज चढतोस म्हणं," सुभेदार म्हणाले.

"रोज. एक दिवस चुकवला नाही. आता धापसुद्धा लागत नाही."

"आन उतरतोस कसा?"

"पलीकडून कच्चा रस्ता आहे ना. भाऊ मोटरसायकल घेऊन येतो."

सुभेदारांचा हात सुपात थांबला.

"डाक्टरनं सांगितलं व्हय आसं?"

"नाही, मीच. उतरताना गुडघ्यांवर ताण येतो, उस्ताद. पाय जपलेले बरे."

"औलीला वर कशानं जातोस?"

"पाळण्यानं. तारेवरच्या."

"आन खाली?"



आत चुलीपाशी सुभेदारांच्या मालकीणबाई खुदकन हसल्या. त्यांनी ते लपवलंही नाही.

हर्षदचे कान तापले. "पण दम कमावला की बाकीचं येतंच, उस्ताद. आणि उतरायला कसली आलीय ताकद? उतार आपणच नेतो माणसाला."

"...नेतो की."

सुभेदारांनी सूप बाजूला सारलं, गुडघ्यांवर हात दाबून ते उठले आणि खुंटीवरचा मफलर गळ्यात टाकला.

"चल. भैरोबाला जाऊन यू."

"उनं व्हायच्या आत या," आतून आवाज आला. "आन त्याला लई छळू नगा."

डोंगर हर्षदने झपाझप चढला. पायऱ्या ओबडधोबड दगडांच्या होत्या, काही ठिकाणी पावसाने वाहून गेलेल्या, तिथे नुसता सुटा मुरूम. त्याचं त्याला काही वाटलं नाही. देवळापाशी पोचून त्याने घंटा वाजवली, पाणी प्यायला आणि कट्ट्यावर बसून राहिला.

सुभेदार खूप मागून आले. दर चार पायऱ्यांना थांबत, इकडेतिकडे बघत, एका बकरीशी बोलत.

ते वर आल्याबरोबर हर्षदने मनगट पुढे केलं. घड्याळावर त्याच्या छातीचे ठोके दिसत होते आणि ते अगदी संथ पडत होते.

सुभेदारांनी घड्याळ नीट बघितलं.

"साडेआठ झालं," ते म्हणाले.

मग ते भैरोबाच्या पाया पडले. बाहेर येऊन त्यांनी गळ्यातला मफलर काढला, डोळ्यांवरून दोनदा फिरवला आणि डोक्यामागे घट्ट गाठ मारली.

"ने आता खाली."

"...उस्ताद?"

"तू पुढं, मी मागं. वृंदाला नेतोस तसा."

"इथं? अहो, बर्फ वेगळा. इथं पडलात तर हाड मोडेल."

"मोडंल."

"निदान हात तरी धरा माझा."

"तिचा धरतोस?"

हर्षदने पुढे केलेला हात मागे घेतला.

"गुडघं वाकवून चालायचं," सुभेदार म्हणाले. "फळीवर उभा राहतोस तसं, खाली बसून. पाठमोरं व्हायचं न्हाई. तोंड पुढं, आवाज मागं. चल."

हर्षद गुडघे वाकवून उतरू लागला.

"पायरी. पायरी. पुढची उंच आहे. आता उजवीकडे. पायरी."

त्याचा आवाज मुळात चांगला होता, खणखणीत. सुभेदार त्या आवाजामागे पाऊल टाकत होते, आधी चवडा टेकवून आणि मग भार देऊन. पहिलं वळण झकास गेलं. हर्षदला बरं वाटलं. त्याला जुने दिवस आठवले, मागून येणारा वृंदाच्या फळ्यांचा तो सरसर आवाज आठवला, आणि त्याने पावलं उचलली.

"सावकाश," मागून आवाज आला.

तो सावकाश झाला. आणि तिथेच घोटाळा झाला.

भरभर उतरलं की उतार नेतो, हे त्याचं म्हणणं खरंच होतं. सावकाश उतरायचं तर प्रत्येक पायरीला अख्खं अंग एका वाकलेल्या पायावर धरून ठेवावं लागतं. ते धरून ठेवणं त्याने दोन वर्षांत केलं नव्हतं. दुसऱ्या वळणाला मांड्या गरम झाल्या. त्यानंतर त्या पेटल्याच.

"पायरी... उजवीकडे... पायरी..."

थोडंच राहिलंय, असं त्याने मनाशी म्हटलं. देवळाकडून बघितलं तर ते अर्धंही झालं नव्हतं.

"पा... पायरी..."

"सावकाश."

त्याने दात आवळले. आता त्याला समोरची पायरी तेवढी दिसत होती आणि स्वतःच्या मांड्या तेवढ्या ठाऊक होत्या. पाऊल टाकायचं, धरायचं, पाऊल टाकायचं, धरायचं. वाहून गेलेल्या जागेवरून तो मुरुमात कसाबसा सरकत पलीकडे गेला. गुडघा लटलटला. सावरला तो. चला, पडलो नाही, असं वाटून त्याला हायसं झालं.

मग त्याच्या ध्यानात आलं की मागून पावलांचा आवाज येत नाहीये.

तो गर्रकन वळला.

सुभेदार शेवटच्या शाबूत पायरीच्या कडेला उभे होते. एक पाय दगडावर, दुसरा हवेत उचललेला. त्या पायाखाली पायरी नव्हती. बाजूला पावसाने कापलेली खोल ओघळ होती, माणूस गेला तर हाती लागायचा नाही अशी.

 आयुष्यात हर्षद इतका कधी घाबरला नव्हता, हाड मोडलं तेव्हासुद्धा नाही.

"उस्ताद, थांबा! पाऊल टाकू नका!"

"थांबलोयच," सुभेदार म्हणाले. "तू गप झालास तवाच."

त्यांनी उचललेला पाय सावकाश मागे घेतला आणि होते तिथेच खाली बसले.

हर्षद धडपडत वर आला आणि त्यांच्या शेजारी कोसळला. त्याच्या मांड्या आपोआप उडत होत्या. सुभेदारांनी मफलर काढला नाही. चाचपडत त्यांनी त्याची मांडी शोधली, तिच्यावर तळवा ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

"...कवापासनं?"

"दुसऱ्या वळणापासून."

"मंग?"

"मला वाटलं थोडं राहिलंय. रेटून नेऊ."

"हां. पर ते मला मागं कसं कळायचं?"

 खाली गावात कुणाच्या तरी पिठाच्या गिरणीचा पट्टा सुरू झाला होता, त्याचा आवाज वर येत होता. हर्षदला रडू येत होतं आणि त्याची लाजही वाटत होती.

"तिला पाडलं असतं मी," तो म्हणाला. "बर्फावर असतो तर... ती सरळ माझ्या अंगावर आली असती."

सुभेदारांनी मफलरची गाठ चाचपून पुन्हा घट्ट केली.

"मी यंदा येत नाही, उस्ताद. वृंदाला कळवतो. तिनं दुसरा कोणी बघावा."

"कळव की."

"...आजच कळवतो."

"कळव. पर आदी मला खाली ने. मला काय दिसत न्हाई."

हर्षदने त्यांच्याकडे बघितलं. ते खरोखरच डोळे बांधून, हात मांडीवर ठेवून, कोणीतरी न्यायला येईल म्हणून बसल्यासारखे बसले होते.

"उस्ताद, मफलर सोडा ना आता."

"का?"

"माझ्या पायांत जीव नाही. मी नाही नेऊ शकत."

"किती हाय जीव?"

हर्षदने प्रामाणिकपणे विचार केला. असा विचार त्याने आजवर कधी केला नव्हता.

"पुढच्या आंब्यापर्यंत जाईन. मग बसावं लागेल."

"मंग आंब्यापतूर चल."

ते उठले.

"इथं पायरी नाही," हर्षद म्हणाला. "मुरूम आहे, सुटा. डावा हात डोंगराच्या कडेला लावा. ओघळ उजवीकडे आहे. पाय घासत या... अजून... आता दगड."

"आलो."

"पायरी. पायरी. थांबा. मांड्या भरून आल्या."

"थांबलो."

"...चला. पायरी."

आंब्याखाली ते बसले. मग उठले आणि पुढच्या वळणाला पुन्हा बसले. ऊन चांगलंच वर आलं. खालून गवताचा भारा घेऊन येणारी एक बाई वाटेत उभी राहिली आणि डोळे बांधलेल्या सुभेदारांकडे बघतच राहिली.

"काय सुभेदार, आंदळी कोशिंबीर चाललीय व्हय?"

"व्हय. राज्य माझ्यावर हाय."

"आन ह्यो का लटालटा कापतोय?"

"ते त्यालाच इचार," सुभेदार म्हणाले.

"मावशी, पायांत जोर नाही राहिला," हर्षदने सांगून टाकलं. ते इतक्या सहज तोंडातून गेलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"आता गं बया. बस की मंग थोडा," असं म्हणून ती वर गेली.

तो बसला. त्याच्यामागे एक पायरी सोडून सुभेदारही बसले.

घरी पोचायला दुपार झाली. मालकीणबाईंनी दोघांकडे बघून ताक आणलं. सुभेदारांनी ओट्यावर बसून मफलर सोडला आणि बराच वेळ डोळे किलकिले करत राहिले. त्यांच्या पायाच्या एका बोटाला ठेच लागून रक्त आलं होतं. हर्षदने ते पाहिलं आणि ताकाचा पेला खाली ठेवला.

तो आता काही विचारत नव्हता.

"वृंदाला फोन लाव," सुभेदार म्हणाले.

"मी बोलतो तिच्याशी, उस्ताद. मी सांगतो."

"लावून माज्याकडं दे."

हर्षदने फोन लावला.  पलीकडे वृंदाचा आवाज आल्याबरोबर त्याने फोन त्यांच्या हातात दिला आणि तो अंगणाच्या टोकाला जाऊन उभा राहिला. तिथूनही सगळं ऐकू येत होतं.

"कणसे बोलतोय... हां. बघितला त्याला... न्हाई गं पोरी, पायात जोर न्हाई त्याच्या. निम्म्यात बसला."

हर्षदने मान खाली घातली.

पलीकडून वृंदा काहीतरी विचारत होती. सुभेदार ऐकत राहिले, एका हाताने ठेचाळलेलं बोट दाबत.

"...व्हय, त्योच नेणार," ते म्हणाले. "सामान भर तू. जोर संपला की सांगतो त्यो आता."