पणजोबांचं खोगीर

घोडा पुन्हा उधळला आणि वाघजाळीचे महाराज रंभाजीराव पुन्हा खाली आले. या खेपेला शेणावर पडले, म्हणून हाडं शाबूत राहिली.

"खोगीर सरकलं!" महाराज ओरडले.

"खोगीर कसं सरकेल, सरकार?" कारभारी त्रिंबकपंत अदबीनं म्हणाले. "ते थोरल्या सरकारांचं, आपल्या पणजोबांचं आहे. तेव्हापासून जागचं हललेलं नाही. घोडाच खालून सरकला."

वादळ नावाचा तो घोडा होताच तसा अवघड. खांद्यामागे उंटासारखा उंचवटा, त्यामागं पाठीला खोल बाक आणि खाली रांजणासारखं पोट. तेही पावसाळ्यात हिरवा चारा खाऊन सुटायचं नि उन्हाळ्यात आत जायचं. पण महाराजांचा जीव त्याच्यावर, आणि रिवाजाचा जीव पणजोबांच्या खोगिरावर. दसऱ्याच्या शिलंगणाला राजानं त्याच खोगिरावर बसून निघायचं, ही वाघजाळीची रीत.

दरबारातल्या जाणत्या मंडळींनी उपाय सुचवायला सुरुवात केली. एक म्हणाले, घोड्याला उपास घाला. दुसरे म्हणाले, ग्रहशांत करा. तिसऱ्यांनी सुस्कारा सोडला, "आजकालच्या घोड्यांना वळणच नाही. आमच्या वेळचे घोडे खोगीर बघून पाठ वाकवायचे."

महाराजांनी खोगिरं शिवणाऱ्या जीनगर बाळोबाला बोलावलं. "ऐक. खोगिराला सुई लावायची नाही, कात्री लावायची नाही. घोडाही बदलायचा नाही. दसऱ्याला दोघांचं जमलं पाहिजे. नाही जमलं, तर दुकान गुंडाळायचं नि संस्थानाबाहेर चालतं व्हायचं."

बाळोबा घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. त्याची लेक सोनकी चामडं भिजवत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आबा, सुई लावू नका म्हणाले. घोड्याला हात लावू नका असं कुणी म्हणालं?"

"तसं नाही म्हणाले. पण पोरी, मोठ्या माणसांनी विचार करून सांगितलंय. बांधाबांध करूया."

"मोठ्या माणसांनी सांगितलंय, एवढंच खरं," सोनकी म्हणाली आणि चुलीतली राख टोपलीत भरून पागेकडे निघाली.

तिनं वादळच्या पाठीवर राख फासली. वर अलगद खोगीर ठेवलं आणि तसंच उचललं. खोगिराची खालची बाजू बघून तिला हसूच आलं. उंचवट्यापाशी राखेचा थर घट्ट बसला होता, मागच्या टोकालाही. मधे राखेचा कण नव्हता. एवढं थोरलं खोगीर बिचाऱ्या घोड्याला दोनच जागी टोचत होतं.

घरी येऊन तिनं लोकर थापून केलेला जाड नमदा कापला. उंचवट्यापाशी फट ठेवली. खालून कप्पे शिवले, कप्प्यांना बंद लावले. बाकाच्या जागी लोकर ठासून भरली, टोकांना रिकामं सोडलं. घोड्याचं अंग सुटलं की लोकर काढायची, घोडा वाळला की भरायची, बंद आवळायचे. खोगिराला मात्र तिनं सुईचं टोकही लागू दिलं नाही.

दसऱ्याला अख्खी वाघजाळी पागेपुढं जमली. रिवाजाप्रमाणे महाराज पणजोबांचा अंगरखा घालून आले. सोनकीनं वादळच्या पाठीवर नमदा टाकला आणि त्रिंबकपंत किंचाळले.

"थांब! हे काय मधेच? थोरल्या सरकारांच्या खोगिराखाली असलं काही कधी नव्हतं. रिवाज मोडला!"

महाराजांच्या भुवया चढल्या. बाळोबा हात जोडू लागला. सोनकीनं मात्र पदर खोचला.

"महाराज, एक विचारू? हा अंगरखा थोरल्या सरकारांचाच ना?"

"अलबत!"

"त्याला कधी सुई लागली?"

"कुणाची बिशाद आहे!"

"दरबारात थोरल्या सरकारांची तसबीर आहे. अंग काठीसारखं, नि अंगरख्याच्या बंदांची टोकं पार गुडघ्यापर्यंत लोंबतायत. आज तीच टोकं गाठीला जेमतेम पुरली. मग अंगरखा बसला कसा?"

कुणीतरी खोकलं. बाकीच्यांना एकदम आभाळ बघावंसं वाटलं.

"बंद सैल केले," महाराज खालच्या आवाजात म्हणाले.

"म्हणजे थोरल्या सरकारांना ठाऊक होतं, सगळ्यांची पोटं सारखी नसतात. म्हणून तर एवढे लांब बंद लावून ठेवले. मीही बंदच लावलेत. रिवाज तर मीच पाळला."

"कार्टे!" त्रिंबकपंत कडाडले. "घोड्याची नि महाराजांची बरोबरी करतेस?"

"छे, पंत. महाराज तोंडानं 'बंद सैल करा' म्हणू शकतात. घोड्याला तेवढ्यासाठी माणूस पाडावा लागतो."

महाराजांची मिशी आधी एका बाजूनं थरथरली, मग दुसऱ्या. त्यांनी खोगीर चढवायची खूण केली, आणि ते नमद्यावर आवळताच रिकिबीत पाय टाकून टाच मारली. वादळनं मैदानाला दौडत फेरी मारली. खोगीर तसूभर हललं नाही. महाराज परत आले आणि घोड्यावरूनच त्यांनी विचारलं,

"पोरी, एवढे जाणते लोक माझ्या पदरी. कुणालाच सुचलं नाही. तुला घोड्याला विचारायचं सुचलं कसं?"

"जाणत्यांना विचारून झालं होतं, महाराज. घोडाच तेवढा उरला होता."

महाराज असे गदगदा हसले की पणजोबांच्या अंगरख्याचा वरचा बंद तट्कन तुटला. हसतहसतच त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून सोनकीच्या हातात घातलं. बाळोबाचं दुकान पिढ्यान्‌पिढ्या राहील असं जाहीर केलं, आणि पागेत कुणाच्या पाठीवर काय चढवायचं ते यापुढं सोनकी ठरवेल, असा हुकूम सोडला.

कडं मनगटातून घसरत होतं. सोनकीनं नमद्याची उरलेली चिंधी त्याला आतून गुंडाळली नि ते घट्ट बसवलं.

"पंत," महाराज म्हणाले, "बघून ठेवा."