तिपदरी हार

एका राज्यात सुवर्चला नावाची राणी होती. पाळण्यात असतानाच तिला राजतिलक झाला, त्यामुळे नकार कसा असतो हे तिला ठाऊकच नव्हते. राजवाड्याच्या तळघरात एक दार तिच्या आजोबांनी शिसे ओतून बंद केले होते. आत एका मांत्रिकाचा तिपदरी हार होता आणि मरताना मांत्रिकाने त्याला शाप दिला होता. दार उघडू नये म्हणून वृद्ध प्रधान वसुमित्राने हात जोडले. राणी म्हणाली, "माझ्याच राज्यात मला बंद दार नाही." तिने दार फोडले आणि हार गळ्यात घातला. तो पुन्हा निघाला नाही.

हार घालणाऱ्याला माणसांचा प्रत्येक चांगला शब्द वाईट ऐकू येई, असा तो शाप होता. प्रधानाने आशीर्वाद दिला, तिला शिवी ऐकू आली. तिने त्याला हद्दपार केले. तिचा पती, राजा, मायेने बोलला, तिला कट ऐकू आला. तिने त्याला अंधारकोठडीत टाकले आणि तो तिथेच वारला. आपल्या तान्ह्या मुलाचे हुंकार तेवढे तिला जसेच्या तसे ऐकू येत, कारण त्यांत अजून शब्द नव्हते. अखेर प्रजा उठली. वसुमित्राला परत आणून लोकांनी बाळाला गादीवर बसवले आणि राणीला सीमेपार घालवले.

तिची आतेबहीण मृणालवती शेजारच्या राज्याची राणी होती. तिने सुवर्चलेला आसरा दिला. पण पुढे ही पाहुणी आपली गादी बळकावेल, असे भय तिलाच वाटू लागले. तिने सुवर्चलेला जलदुर्गात ठेवून बाहेरून कुलूप घातले.

वर्षे गेली. केस पांढरे झाले. किल्लेदाराची बायको भागाई रोज गरम पेज आणी. राणीला ऐकू येई, "पी आणि मर." ती पेज खिडकीतून पाण्यात ओती आणि पहारेकऱ्यांच्या शिळ्या भाकरीवर दिवस काढी.

एके सकाळी खिडकीत भारद्वाज येऊन बसला. शाप माणसांच्या बोलण्यापुरता होता, म्हणून पक्ष्याचे बोलणे तिला सरळ ऐकू आले.

"राणी, तुझी पेज रोज मासे खातात. अजून एकही मेला नाही."

राणीने खिडकीतून वाकून खालच्या माशांकडे पाहिले. मग तिने हारातून सुटकेचा मार्ग विचारला.

"तीन वेळा मनापासून उपकार मान. ऐकू येते ते सोड, घडते ते बघ," असे सांगून पक्षी उडाला.

त्या दिवशी राणी पेज प्यायली आणि तिने भागाईचे उपकार मानले. हाराचा एक पदर तुटला.

पुढे भागाईला ताप भरला. किल्लेदाराच्या परवानगीने राणी तिच्या खोलीत गेली. आजारी बाई उघड्या फरशीवर कुडकुडत होती. तिची एकुलती एक घोंगडी इतकी वर्षे राणीच्या अंथरुणावर होती. राणीने ती आणून तिच्या अंगावर घातली आणि ताप उतरेपर्यंत तिच्या उशाशी बसली. भागाई बोले ते शिव्यांसारखेच ऐकू येई. पण भागाईने धरलेला राणीचा हात सोडला नव्हता. राणीने उपकार मानले. दुसरा पदर तुटला.

मग तलवार घेऊन मृणालवती आली. ती म्हणाली, "तुझ्या नावाने माझ्या राज्यात बंड उठले आहे. तुझे मस्तक घेतल्याशिवाय मी परतणार नाही."

या वेळी हाराने शब्द बदलले नाहीत. तशी गरजच नव्हती.

सुवर्चलेने पाहिले, तर बहिणीचेही केस पांढरे झाले होते.

"ताई, सगळ्यांनी दारे लावली तेव्हा तू उघडलेस. मग कुलूपही घातलेस, ते खरे. पण तुझ्या छपराखाली मी म्हातारी झाले. एवढे आयुष्य मला दुसऱ्या कोणी दिले नसते. तुझे उपकार आहेत. आता तुला करायचे ते कर."

तिसरा पदर तुटला. मणी पायऱ्यांवरून घरंगळत पाण्यात गेले आणि मिठासारखे विरघळले. मृणालवती तलवार मांडीवर ठेवून खाली बसली.

"मला वाटले, तू शाप देशील," ती म्हणाली.

तेवढ्यात दारातून भागाई म्हणाली, "बाईसाहेब, पेज निवतेय. दोघींनी घ्या."

तिचा आवाज इतका मऊ असेल, असे सुवर्चलेला कधी वाटले नव्हते.

मृणालवतीने स्वतः तिला नावेतून सीमेपर्यंत पोचवले. ती सुटल्यावर बंड आपोआप शमले आणि दोन्ही राज्यांच्या वाटा खुल्या झाल्या. तरुण राजा काठावर उभा होता. त्याने आईला गादी देऊ केली; तिने ती घेतली नाही. "तुझ्या वडिलांची समाधी कुठे आहे?" एवढेच तिने विचारले. राजाने तिचा हात धरला. वाटेत तो आपल्या लहानपणच्या गोष्टी सांगत राहिला आणि ती एकेक शब्द ऐकत चालली.