पावडरीतली ओली रेघ

शुद्धलेखन चुकले तर सांभाळून घ्यावे. माझी शाळा आठवीत सुटली; शब्द गॅरेजातलेच आहेत.

एकदा एका वृद्ध बाईंची जुनी मोटार आमच्याकडे सर्व्हिसिंगला आली. तिच्या इंजिनात पाणी नसते. ते पंख्याच्या वाऱ्यावर थंड होते. बाईंचे दिवंगत यजमान ती आयुष्यभर स्वतःच्या हाताने दुरुस्त करीत.

महिन्याने गाडीखाली तेल गळू लागले. तेल दिसे तिथले पॅकिंग मी दोनदा बदलले, नट आवळले, तरी थेंब थांबेना. तिसऱ्यांदा बाई आल्या तेव्हा मी सांगून टाकले, की तुमच्या मिस्टरांनीच पूर्वी काहीतरी चुकवून ठेवले आहे. बाईंनी गाडीची किल्ली माझ्यापुढे ठेवली.

"त्यांच्याच हाताने बिघडली असेल, तर भंगारात द्या," एवढेच म्हणून त्या गेल्या.

आमचे वृद्ध उस्ताद हे ऐकत होते. ते मला रागावले नाहीत. रॉकेलने सगळे इंजिन धुतले, कोरडे केले आणि अंगाला लावायच्या पावडरीचा डबा मागवला. तान्ह्या मुलाला लावावी तशी त्यांनी इंजिनाला पावडर लावली. शेजारचा वेल्डर विचारून गेला, की उस्ताद, बारसे कधी?

मग उस्तादांनी गाडी चालू केली. थोड्या वेळाने पांढऱ्या पावडरीत एक बारीक ओली रेघ उमटली. तिच्यावर बोट ठेवून वर जा, असे ते म्हणाले. माझे बोट पॅकिंग सोडून वर वर गेले आणि पत्र्याच्या आवरणाखाली शिरले. आवरण काढले. आत तेल थंड करणाऱ्या ऑइल कूलरच्या रबरी रिंगा तेलाने भिजल्या होत्या. त्या मी ओळखल्या. सर्व्हिसिंगच्या वेळी कूलर मीच उतरवला होता, आणि गावात नव्या मिळाल्या नाहीत म्हणून जुन्याच रिंगा परत बसवल्या होत्या.

उस्ताद म्हणाले, "बाळ, या इंजिनात पंखा वरून वारा मारतो. वरचं तेल खाली येतं आणि डाग खालच्याच्या नावावर पडतो. इंजिन मळलेलं असलं की कुणावरही बोट ठेवता येतं. म्हणून आधी धुवायचं."

हात पुसत ते पुढे म्हणाले, "गाडीचं काम नव्या रिंगांनी भागेल."

गाडीखेरीज उरलेले काम कोणते, ते मला समजले.

संध्याकाळी शहरातून नव्या रिंगा आणून बसवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन मी बाईंच्या दारी गेलो. जुन्या रिंगा त्यांच्या हातावर ठेवल्या, आणि त्या कोणी बसवल्या होत्या ते सांगितले.