अंगणातली बाज

भूकंपाचा जोर मोजायची रीत काढली म्हणून मानगडच्या राजाने नृसिंहशास्त्र्यांना भर दरबारात शाल पांघरवली, आणि त्यांच्याच घरात राहणारी विधवा भावजय सगुणाबाई आतल्या आत जळून कोळसा झाली. दाराआड बसून तीही त्याच पोथ्या शिकली होती. तिला कुणी सुपारीचं खांडसुद्धा दिलं नव्हतं.

शास्त्र्यांची रीत अशी : राजवाड्याच्या दगडी चौथऱ्यावर पाण्याने भरलेलं घंगाळ ठेवायचं, जितकं पाणी सांडेल तितका भूकंप मोठा.

पुढे मार्गशीर्षात जमीन हादरली. खालच्या पेठेतल्या भिंती फाटल्या. लोक दरबारात येऊन टेकू द्यायला सरकारी लाकूड मागू लागले.

"घंगाळातला थेंब सांडला नाही," शास्त्री म्हणाले. "भूकंप शून्य! लाकूड कशाला?"

राजा मान डोलावणार, तोच बायकांच्या पडद्याआड बसलेली सगुणाबाई उठली.

"महाराज, माझंही एक माप आहे. भाऊजींची बाज!"

दरबार हसला.

"ती माजघरात असली तर भूकंप नाही. ओसरीवर आली तर बेताचा. अंगणात गेली तर मोठा. भाऊजी, परवापासून बाज कुठंय?"

"अंगणात," शास्त्री पुटपुटले. "आत उकडतं, वहिनी."

"मार्गशीर्षात?"

राजा पोट धरून हसला. पेठेला लाकूड मिळालं. मग त्याने शास्त्र्यांच्या खांद्यावरची शाल सगुणाबाईला द्यायची खूण केली.

जिच्यापायी इतके दिवस जीव जळला, त्या शालीकडे तिने एकदा डोळे भरून पाहिलं.

"राहू द्या महाराज," ती म्हणाली. "अंगणात गारठा फार असतो."