पाहुणा प्रोग्रॅम आणि ठकीची यादी

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही असं मला बजावलेलं आहे, कारण तिच्यात राजेसाहेब भर दरबारात भिजतात. पण भिजले ते भिजलेच!

तांबोळगडच्या भानुदेव राजांना सातासमुद्रापलीकडच्या राणीने एक प्रोग्रॅम भेट पाठवला. तो संगणकावर चालवला की बागेतली कारंजी गाण्यावर नाचतात म्हणे. राजांनी सिंहासनावर बसून हुकूम सोडला, "चालवा!" यंत्रशास्त्र्यांनी कळ दाबली. त्यासरशी बुरुजावरची तोफ उडाली, वाड्याचे दरवाजे धडाधड बंद झाले आणि छत धुवायचा पाइप थेट राजांच्या मुकुटावर सुटला. कारंजी मात्र कोरडी ठणठणीत.

राजांनी मिशांतलं पाणी पिळून काढलं आणि कारंजीवाल्या भिवाजीला बोलावलं. कारंजी तुझी, म्हणजे दोषही तुझा, असा त्यांचा न्याय. उद्या दुपारी राणी स्वतः येणार होती. तोवर कारंजी नाचली नाहीत, तर भिवाजीची नोकरी गेली आणि पाण्याच्या टाकीजवळची राहती खोलीही गेली. वर दोन अटी. भेट आलेल्या प्रोग्रॅमचं एक अक्षरही बदलायचं नाही, कारण तो राणीचा अपमान. आणि वाड्याच्या संगणकातला कुठल्याही कामाचा जुना क्रमांक बदलायचा नाही, कारण फाटकापासून भटारखान्यापर्यंतचे एकशे बारा प्रोग्रॅम त्या क्रमांकांवर चालत होते.

भिवाजीची मुलगी ठकी जेवणाचा डबा घेऊन आली. बाबांनी भाकरीला हातसुद्धा लावला नाही, तेव्हाच तिने ओळखलं की काहीतरी भलतंच झालं आहे. बाबांकडून सगळं ऐकून ती तडक यंत्रशास्त्र्यांकडे गेली.

शास्त्र्यांनी कपाळ चोळत तिला समजावलं. संगणकाच्या पोटात कर्नल असतो, म्हणजे गाभा. पाणी, दिवे, दरवाजे सगळं त्याच्या ताब्यात. प्रोग्रॅमला काही हवं असलं की त्याने गाभ्याला त्या कामाचा क्रमांक सांगायचा. राणीच्या देशात नऊ म्हणजे पाणी सोड. आपल्याकडे नऊ म्हणजे तोफ उडव.

ठकी खुदकन हसली.

"हसायला काय झालं गं?" शास्त्री वैतागले.

"आमच्या वहिनीचं अगदी असंच झालं होतं."

मग तिने सांगितलं. वहिनीच्या माहेरी वरच्या फळीवरच्या दुसऱ्या डब्यात मीठ असतं. ठकीच्या घरी दुसऱ्या डब्यात हिंग. वहिनी नवी नवी आली तेव्हा आमटी ढवळता ढवळता, मागे न बघताच म्हणाली, दुसरा डबा द्या. आमटीत मूठभर हिंग पडला आणि बाबा दोन दिवस ताकावर राहिले.

"मग डबे हलवलेत?"

"छे! आईला त्याच डब्यांची सवय."

"मग वहिनीला शिकवलंत?"

"तिचे हात ऐकतात कुठे! आई फळीपाशी बसायला लागली. वहिनीने दुसरा मागितला की आई पाचवा देते, मिठाचा."

शास्त्र्यांचे डोळे चमकले, पण लगेच विझले. ते म्हणाले, गाभ्याच्या दारात अशी आई बसवली, तर ती आपल्या प्रोग्रॅमांचेही क्रमांक फिरवून टाकील. तोफ उडवायची तिथे पाणी सुटेल!

"शास्त्रीबुवा, आई वहिनीची हाक ओळखते. मी दुसरा मागितला तर मला हिंगच मिळतो. तुमच्या प्रोग्रॅमांना काही ओळख असेलच ना?"

ओळख होती. प्रत्येक प्रोग्रॅमच्या अगदी कपाळावर तो कोणत्या देशाचा ते लिहिलेलं होतं. मग काय! भेटीबरोबर आलेल्या पुस्तिकेतून ठकी एकेक क्रमांक वाचू लागली आणि शास्त्री यादी करू लागले. तिकडचा नऊ, इकडचा तीन. तिकडचा चार, इकडचा सतरा. संध्याकाळपर्यंत ती यादी गाभ्याच्या दारात जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी राणी आली. राजे जरा लांबच उभे राहिले. शास्त्र्यांनी डोळे मिटून कळ दाबली, आणि कारंजी उठली! डोललीही, गिरक्याही घेऊ लागली. भिवाजी तर तोंड उघडं टाकून बघत राहिला.

तेवढ्यात सगळं थांबलं. राजांची भुवई चढली.

"प्रोग्रॅमने बर्फ पाडायला सांगितलंय, महाराज," ठकी म्हणाली. "बर्फ आपल्याकडे नाही. म्हणून दारातून त्याला नाही म्हटलंय, पण त्याच्या देशाच्या रीतीने. आता बघा."

एक क्षण गेला. प्रोग्रॅमने बर्फाचा नाद सोडला आणि कारंजी दुप्पट जोरात नाचू लागली. राणीने टाळ्या वाजवल्या.

पण भानुदेव इतक्यात हार मानणारे नव्हते. त्यांनी ठकीला पुढे बोलावलं आणि दरडावलं, "मुली, खरं सांग. पाहुण्याला बदललंस की घरच्यांना?"

"कुणालाच नाही, महाराज. पाहुण्याला वाटतंय आपण आपल्याच घरी आहोत. आणि घरच्यांना पत्ताच नाही की पाहुणा आलाय!"

राजे आधी गालात हसले, मग पोट धरधरून हसले. भिवाजीची नोकरी आणि खोली त्यांनी कायमची त्याच्या नावे केली. ठकीला गाभ्याची दारवाली नेमलं, शास्त्र्यांच्या शेजारी खुर्ची दिली आणि आणखी काय हवं म्हणून विचारलं. ठकीने एक दिवस बागेचं फाटक साऱ्या गावासाठी उघडं मागितलं. मग काय विचारता! पोरं भिजली, म्हाताऱ्या भिजल्या, राणीसाहेबांनी बूट काढून फेकले आणि यंत्रशास्त्री शेंडीला गाठ मारून त्यांच्या मागोमाग — थांबा, माझी आई हाक मारतेय. हो आई, आले, आले!