ठकूआईनं खापरवाडीचे पाय रंगवले

फार फार वर्षांपूर्वी आमच्या खापरवाडीत एकाही माणसाला धड चालता येत नव्हतं.

हसू नका, नीट बसा. चालायचे सगळे, पण कसे? कुणाची टाच दुखायची, कुणाचा घोटा सुजायचा, कुणी उजवा पाय ओढायचं, कुणी डावा. बाजाराच्या वाटेवर लांब धूळ दिसली आणि ती बराच वेळ तिथल्या तिथंच रेंगाळली, की पंचक्रोशीतले लोक म्हणायचे, आले खापरवाडीकर. आता माझंच गाव म्हणून मी हे सांगतोय. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याला बघूनच घेतलं असतं.

गाव कुंभारांचं. वर टेकडीवर मळाईचं देऊळ. मळाईची जत्रा चैत्रात, आणि जत्रेच्या आदल्या दिवशी गावात बाहुल्या रंगवायच्या. गावात जितकी माणसं तितक्या बाहुल्या, मातीच्या, भाजलेल्या, बोटाएवढ्या. ज्याची बाहुली त्याच्यासारखी झाली पाहिजे. फेटा असेल तर फेटा, मिशा असतील तर मिशा, आणि टक्कल असेल तर टक्कल, त्यात कुणाची भीडभाड नाही. सूर्य उगवला की रंगाला हात घालायचा आणि मावळायच्या आत उरकायचं. दुसऱ्या दिवशी सगळ्या बाहुल्या टोपल्यांतून वर न्यायच्या आणि मळाईसमोर मांडायच्या. मळाई त्या मोजते आणि वर्षभर तेवढ्या माणसांवर नजर ठेवते, असं म्हणतात.

पण मळाई भारी काटेकोर. बाहुलीवर जिथं रंग नाही, तिथं तिची नजर पोचत नाही. मग माणसाच्या त्याच जागेला वर्षभर काही ना काही होणार.

आणि तुम्हीच सांगा, बोटाएवढी बाहुली रंगवायची तर ती कुठंतरी धरावी लागणारच ना? जिथं धरली तिथं रंग कसा लागणार? गेरू, हळद, खडू, काजळ, सगळं डिंकाच्या पाण्यात कालवलेलं. ते दुसऱ्या दिवसापर्यंत वाळायचं नाही. उलटी करून धरावी, तर नुकत्या काढलेल्या मिशा आपल्या अंगठ्याला! म्हणून गावातल्या बायकांची एकच रीत. बाहुली पायांनी धरायची आणि तोंड झोकात रंगवायचं. "आई तोंड बघती, पायाकडं कोण बघतंय," असं म्हणायच्या आणि कोऱ्या पायांची सगळी फौज देवीसमोर नेऊन उभी करायच्या.

म्हणून खापरवाडी लंगडत होती. पण हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. लोक म्हणायचे, इथल्या पाण्यातच काहीतरी आहे.

मग नदीपलीकडून ठकू सून म्हणून आली. म्हादू कुंभाराची बायको, तुळसाबाईची सून. तुळसाबाई म्हणजे बाहुल्या रंगवणाऱ्या सगळ्या बायकांची म्होरकी, तिच्यापुढं पाटीलसुद्धा आवाज चढवत नसे. ठकू आली ती धपाधपा चालत आली. पाणी आणायला गेली की बाकीच्या बायका नदीवर पोचायच्या आत ही दोन खेपा करून मोकळी. आणि पहिल्या जत्रेनंतर आठ दिवसांत तिची टाच दुखायला लागली.

दुसरी कुणी असती तर तेल चोळून गप बसली असती. ठकू देवळात गेली. आपली बाहुली हुडकून काढली, उलटी केली, पाय बघितले. शेजारची बघितली. तिच्या शेजारची बघितली. घरी येऊन सासूला म्हणाली, "आत्याबाई, आपण सगळ्या बाहुल्या पायालाच का धरतो?"

"मग काय डोक्याला धरायच्या?" तुळसाबाई म्हणाली.

झालं! पोरीनं ते मनावर घेतलं. दुसऱ्या वर्षी स्वतःची बाहुली तिनं डोक्याला धरून रंगवली. पाय झ्याक झाले, पण वर्षभर डोकं असं ठणकायचं की भाकरीच्या थापेचा आवाज सोसायचा नाही. तिसऱ्या वर्षी तिनं नवऱ्याची बाहुली कमरेला धरली. म्हादू वर्षभर वाकून चालला. बिचारा गरीब माणूस, एवढंच म्हणाला, "अगं, दरवर्षी एकेक जागा बघणार हाईस का माझी?" चौथ्या वर्षी तिनं स्वतःच्या बाहुलीच्या गळ्यात दोरा बांधला, आढ्याला टांगली आणि हात न लावता गरगर फिरवत रंगवली. दोऱ्याखाली बारीकशी रेघ कोरी राहिली. ठकूचा आवाज बसला तो बसलाच. ते वर्ष तुळसाबाईच्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं वर्ष होतं, असं म्हणतात.

एक ध्यानात ठेवा. हे सगळे उद्योग ठकूनं स्वतःवर नाहीतर नवऱ्यावर केले. दुसऱ्या कुणाच्या बाहुलीला तिनं धक्का लावला नाही.

आणि त्याच वर्षी तिची मुलगी चिमा चालायला लागली.

इथंच खरी अडचण आली. मूल चालायला लागलं की त्या वर्षीच्या जत्रेला त्याची पहिली बाहुली करायची, असा गावाचा नेम. तोवर खापरवाडीची पोरं चारचौघांच्या पोरांसारखी दुडूदुडू पळायची. पहिली बाहुली देवळात गेली, की महिनाभरात पाय ओढायला लागायची. आया डोळे पुसायच्या आणि म्हणायच्या, आता आपलं पोर गावचं झालं.

चिमा तर सरळ चालतच नव्हती, पळतच होती. अंगणात कोंबड्यांच्या मागं, चाकाभोवती, रचलेल्या मडक्यांमधून. तिचे ते गुबगुबीत पाय बघून ठकू जत्रेला उरलेले दिवस मोजायची. बाहुलीच करू नये म्हणावं, तर मळाईच्या मोजणीतून पोर वगळलं जाणार. मागं एकानं तसं केलं होतं. त्याचं मूल जत्रेतून हरवलं ते पुन्हा सापडलं नाही. म्हणजे बाहुली तर करायलाच हवी, आणि धरायला जागाच नाही. पायाला धरावी तर पाय जाणार, डोक्याला धरावी तर डोकं, गळ्याला धरावी तर ते चिवचिवणं बंद होणार. लेकराची कुठली जागा द्यायची, सांगा? ठकूला एकही देववेना.

बाहुल्या रंगवायचा दिवस उजाडला. सगळ्या बायका तुळसाबाईच्या अंगणात जमल्या. रंगाच्या वाट्या भरल्या, हात भराभर चालू झाले. ठकू चिमाची कोरी बाहुली ओंजळीत घेऊन नुसती बसून राहिली. दुपार व्हायला आली. सासू ओरडली, "ठके, दिवस काय तुझ्यासाठी थांबणार हाय का?"

तेवढ्यात चिमा कोंबडीच्या मागं धावत धावत चिखल तुडवायच्या खड्ड्यात शिरली. कुंभाराचा चिखल तो, मळलेला, चिकट. घोट्यापर्यंत पाय रुतले. पोरीनं भोकाड पसरलं. ठकू धावली, दोन्ही हात चिखलात घातले आणि पोरीला खालून उचललं. पायाखालचा चिखलाचा गोळा तसाच्या तसा वर आला. गोळा ठकूच्या तळहातांवर आणि गोळ्यावर चिमा उभी. आईचा हात पोरीच्या अंगाला कुठंच लागला नव्हता.

ठकू जागच्या जागी थांबली. मग रडायला लागली, मग हसायला लागली. म्हादूला वाटलं, बायकोला ऊन लागलं.

पोरीला खाली ठेवून ठकूनं मूठभर चिखल घेतला. त्याचा गोळा केला, त्यात चिमाची बाहुली तळव्यांवर उभी रोवली आणि गोळा डाव्या हातात धरला. उजव्या हातानं रंगवत सुटली. तोंड, केस, झबलं, हात, गुडघे, घोटे, पायाची दहाच्या दहा बोटं. गोळा फिरवला की बाहुली फिरायची, तिला हात लावायचं कामच नाही. पायांना तिनं लालभडक कुंकू लावलं.

तुळसाबाईनं डोळे बारीक करून बघितलं. "तळवे कोरेच राहिले की गं."

ठकू बसक्या आवाजात म्हणाली, "आत्याबाई, तळवा मातीला लागलाय. मातीला लागायसाठीच मळाईनं तळवा दिलाय. तो कोरा कसा?"

तुळसाबाई त्या लाल पावलांकडं बघत राहिली. साठ वर्षं ती स्वतः लंगडत होती. आणि त्या साठ वर्षांत गावाच्या किती बाहुल्या तिनं स्वतःच्या हातांनी पायाला धरल्या होत्या! म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण हार मानेल ती तुळसाबाई कसली. बायकांवरच खेकसली, "बघताय काय माझ्या तोंडाकडं? आणा चिखल! सगळ्यांचे पाय रंगवायचेत!"

मग जी धांदल उडाली ती काय सांगावी. बाप्ये चिखल आणायला धावले, पाटील स्वतः गोळे वळायला बसला. सकाळपासून रंगवलेली एकेक बाहुली गोळ्यावर उभी राहिली आणि तिचे पाय रंगायला लागले. माणसं दीडशे, पाय तीनशे, आणि सूर्य टेकडीला टेकायला आलेला. पण तो टेकडीच्या माथ्यावर येऊन थांबला, आणि शेवटचा पाय रंगेपर्यंत तिथंच थांबला, असं म्हणतात. मी नव्हतो बघायला, तुम्हीही नव्हता. पण इतकी वर्षं सांगतात ते उगीच सांगतात होय?

शेवटचा पाय रंगला. सूर्याची नुसती कड उरली. आणि म्हादू घाबऱ्या घाबऱ्या म्हणाला, "अगं, तुझी बाहुली?"

ठकूची बाहुली सुपात कोरीच पडली होती. सगळ्यांच्या धांदलीत तिला स्वतःची आठवणच राहिली नव्हती. आता डोळे, नाक, लुगडं, पाय एकट्यानं रंगवायला वेळ कुठला? मोजणीतून ठकूच वगळली जाणार, हे सगळ्यांना कळलं. ठकू म्हणाली, "असू द्या. माझ्या चिमाचे पाय झाले."

"गप बस!" तुळसाबाई म्हणाली. तिनं बाहुली उचलली, गोळ्यावर रोवली आणि गोळा दोन्ही हातांत धरून अंगणाच्या मधोमध उभी राहिली. "या रे सगळे! एकेक बोट रंगात बुडवा अन् एकेक बोट लावा. ज्याला जिथं जागा दिसंल तिथं!"

सगळा गाव धावला. लंगडत, खुरडत, एकमेकांना धरत. कुणी हळदीचं बोट लावलं, कुणी गेरूचं, म्हादूनं काजळाचं लावलं ते नेमकं नाकावर. चिमाला कडेवर घेऊन तिचंही बोट टेकवलं. शेवटचं बोट लागलं आणि सूर्य बुडाला. बाहुलीला ना डोळे होते, ना तोंड. नुसते दीडशे ठिपके. पण तिळाएवढी जागासुद्धा कोरी नव्हती.

दुसऱ्या दिवशी टोपल्या घेऊन गाव टेकडी चढायला लागला. अर्ध्या वाटेवर पाटील थांबला आणि म्हणाला, "अरे, आपण अजून दमलो कसे नाही?" मग सगळ्यांनी आपापल्या पायांकडं बघितलं. तुळसाबाईनं हातातली काठी चढावरून खाली भिरकावून दिली. आणि सगळ्यांच्या पुढं चिमा पळत होती. त्या वर्षीही पळत होती आणि पुढच्या वर्षीही.

ठकूआई पुढं खूप जगली. शंभर वर्षं म्हणतात, कुणी सव्वाशे म्हणतात. शेवटपर्यंत धपाधपा चालायची आणि ती येतेय हे चार घरं आधी कळायचं.

आजही आमच्याकडं मूल पहिलं पाऊल टाकायच्या बेतात आलं की त्याच्या पायाखाली मूठभर ओला चिखल ठेवतात. आजही बाहुल्या गोळ्यावर उभ्या करूनच रंगवतात, आणि तो गोळा देवळातही काढत नाहीत. सगळ्या रंगवून झाल्या, दिवस कलला, की ठकूआईची बाहुली बाहेर निघते. माणूस जाऊन इतकी वर्षं झाली, पण मळाईच्या मोजणीत ती अजून आहे. तिच्या बाहुलीला डोळे काढायचे नाहीत, आणि त्या ठिपक्यांना कुणी हसायचं नाही. गावानं एकेक बोट लावायचं, पाहुण्यांनीसुद्धा.

गोळा धरायचा मान गावातल्या सगळ्यात नव्या सुनेचा. गेल्या चैत्रात माझी सून बसली होती. पोरीचा एक हात सारखा बाहुलीला सावरायला जात होता, अख्खा गाव रांगेत उभा. पहिलं बोट सासूनं लावायचं असतं. आमची बायको पुढं झाली, बोट हळदीत बुडवलं आणि दरवर्षी कुणी ना कुणी म्हणतंच ते वाक्य म्हणाली, "भिऊ नको गं. बाहुलीला धरायचं नाही, तिच्या पायाखालच्या मातीला धर."

पोरीनं माती घट्ट धरली. मग आम्ही सगळ्यांनी बोटं लावली.