जोंधळ्याच्या दाण्याएवढी फट

तळ्याकाठच्या एका गावात एक म्हातारा सुतार एकटाच राहायचा. बायको वारून बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक लेक तळ्यापलीकडच्या गावात शाळेत शिकवायची आणि तिथंच खोली घेऊन राहायची. नावेने गेलं तर पाव तासाचं अंतर, पण वर्षभरात ती घरी फिरकली नव्हती.

तसं दोघांचं भांडण वगैरे काही झालं नव्हतं. म्हाताऱ्याचा लेकीवर फार जीव, आणि तिथंच सगळं अडत होतं. फोन आला की गडी सुरू व्हायचा. "कुठं होतीस? कुणाबरोबर होतीस? जेवलीस का? काय जेवलीस? एवढा उशीर कशाला?" चोराला पकडल्यावर पोलीससुद्धा एवढं विचारत नसतील. लेक आधी सगळं सांगायची, मग थोडं सांगायला लागली, आणि आता तर दोन मिनिटांत "ठेवते, अप्पा" म्हणून मोकळी व्हायची. म्हातारा मग फोन हातात धरून बसून राहायचा. घर त्याला खायला उठायचं.

लेकीच्या वाढदिवसासाठी त्याने मोटरवर चालणारी हातभर लांबीची होडी करायला घेतली. लहानपणी तिने तळं ओलांडणारी होडी मागितली होती, ती द्यायची राहूनच गेली होती. होडीत आवळ्याच्या वड्यांची डबी ठेवायची आणि रिमोटने ती पलीकडे धाडायची. होडी पोचली की पोर खूश होईल, घरी येईल, अशी त्याची आशा.

होडी झकास होत आली. मध्ये मोटर, मागे पाण्यात पंखा, आणि दोघांना जोडणारी पिळाची लवचीक तार. ही तार पितळेच्या वाकड्या नळीतून जायची. ती पितळेवर घासू नये म्हणून आत आणखी एक पांढरी, गुळगुळीत नळी अस्तरासारखी बसवायची होती.

सामान देताना दुकानातली बाई म्हणाली, "काका, ही अस्तराची नळी जरा आखूड कापा बरं का. पंख्यापाशी जोंधळ्याच्या दाण्याएवढी फट राहू द्या."

"फट ठेवायला मी काय नवशिका आहे?" म्हातारा म्हणाला.

जन्मभर त्याने दारं-खिडक्या अशा बसवल्या होत्या की मुंगीला वाट मिळू नये. त्याने नळी पंख्याला भिडेल एवढी लांब ठेवली. टेबलावर मोटर सुरू केली, तर पंखा छान भिरभिरला. म्हाताऱ्याने स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

वाढदिवसाला त्याने फोनवर सांगितल्यावरून लेक पलीकडच्या घाटावर येऊन उभी राहिली. होडी निघाली. तळ्याच्या मध्यावर म्हाताऱ्याने वेग वाढवला, आणि होडी गचका खाऊन जागच्या जागी थांबली. काही केल्या ती हलेना. लेक बराच वेळ वाट बघत राहिली. मग तिचा फोन आला.

"अप्पा, होडी मध्येच अडकली हो."

"तू किती वाजता आलीस? एकटीच आहेस? आता परत कशी जाणार?"

"ठेवते, अप्पा."

एका कोळ्याने होडी आणून दिली. म्हाताऱ्याने ती उघडली. अस्तराचं मागचं टोक पार चुरगळलं होतं. ते घेऊन तो मुकाट्याने दुकानात गेला.

"टेबलावर पंख्याला फक्त वारा कापायचा असतो," बाई म्हणाली. "पाण्यात जोर पडला की तार पिळली जाते. पिळली की आखडते आणि पंख्याला आत ओढते. त्याला सरकायला जागाच नसली, तर सगळं जाम होतं. फार घट्ट बसवलंत, काका."

म्हातारा चुरगळलेल्या टोकाकडे बघत राहिला. त्याला लेकीचं "ठेवते, अप्पा" आठवलं.

त्याने नवी नळी आखूड कापली, तारेला ग्रीस लावलं, फट सोडली. या वेळी होडी थेट पलीकडे पोचली.

"अप्पा, वड्या मिळाल्या!" लेक फोनवर म्हणाली. "रविवारी घरी येईन म्हणते."

किती वाजता, कशी, कुणाबरोबर, सगळं त्याच्या जिभेवर आलं होतं. "ये," तो एवढंच म्हणाला.

रविवारी त्याने वांगीभात केला. दहा वाजले, बारा वाजले, दोन वाजले. लेकीचा पत्ता नाही. पाच वेळा त्याचा हात फोनकडे गेला आणि पाचही वेळा त्याने तो मागे घेतला. शेवटी गार झालेला भात तो एकटाच जेवला. आता ती कधीच येणार नाही असं वाटून त्याला रडू फुटलं.

संध्याकाळी फोन वाजला.

"अप्पा, शाळेतून अचानक बोलावणं आलं. कळवायचं राहून गेलं. रागावलात?"

"नाही गं."

"आज काही विचारत नाही तुम्ही?"

"तू सांगशील ते ऐकतो, बायो."

मग लेक हळूच म्हणाली, "मला इथं फार एकटं वाटतं, अप्पा. संध्याकाळी खोलीत जाऊच नये असं वाटतं."

वर्षभर तो तिला खोदून खोदून विचारत होता, आणि ही एवढी गोष्ट त्याला आज कळत होती. फोन कानाशी घट्ट धरून तो ऐकत राहिला. त्या दिवशी लेक तासभर बोलली.

तात्पर्य एवढंच: आपल्या माणसाला थोडी मोकळीक द्यावी, म्हणजे मनातलं ते आपणहून सांगतं.